घरी सोडल्यानंतरचे दिवस

(रुग्णालयाच्या वार्षिक रुग्ण-कुटुंब मेळाव्यात व्यवस्थापनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)





वार्षिक अहवाल म्हटला की आकडे आलेच. वर्षभरात किती रुग्ण दाखल झाले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती जणांना सवलत मिळाली, देणग्या किती जमा झाल्या आणि त्या कोठे खर्च झाल्या, हे सारे पुढील पानांवर तपासनीसांच्या स्वाक्षरीसह दिलेले आहे. त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. आज आपणापुढे बोलायचे आहे ते अशा एका विषयावर, ज्याचा रकाना आमच्या अहवालात आजवर नव्हता. रुग्णाला आम्ही घरी सोडले. त्यानंतर त्याचे पुढे काय झाले?

आमचे सारे आयुष्य जमाखर्चात गेले. म्हणून हिशेबाच्याच भाषेत सांगतो. रुग्णाला घरी सोडले की रुग्णालयाच्या दप्तरातील त्याचे खाते बंद होते. बिल चुकते होते किंवा सवलतीच्या निधीतून वळते होते, कागदपत्रांची पिशवी नातेवाइकांच्या हाती दिली जाते, कार्डावर ‘प्रकृतीत सुधारणा’ असा शेरा पडतो आणि खाट पुढच्या रुग्णासाठी स्वच्छ केली जाते. रुग्णाच्या घरचे खाते मात्र त्याच दिवशी उघडते. त्यात नावे टाकायच्या रकमा पुष्कळ असतात: बुडालेली मजुरी, काढलेले कर्ज, गहाण पडलेले दागिने, थकलेली बायको, अर्धवट सुटलेली मुलाची शाळा. जमेच्या बाजूला त्या दिवशी एकच नोंद असते. माणूस वाचला आहे. या एका नोंदीच्या बळावर पुढचे सगळे उभे करायचे असते. ते कसे उभे राहते, कोठे अडते आणि त्यात आमचा वाटा किती, याचा विचार या वर्षी आम्ही प्रथमच नेटाने केला.

प्रथम एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. ते पवन मावळातले. आज ते या सभागृहात बसले आहेत. नाव घेऊ नका असे त्यांनी बजावले आहे, म्हणून आम्ही त्यांना ‘आबा’ म्हणू. दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठ महिन्यात, भाताचे रोप टाकून झाल्यावर, आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणे अडखळले. डॉक्टरांनी शर्थ केली, जीव वाचला, हाता-पायांत थोडी हालचालही परतली. लावणीचे दिवस तोंडावर आले होते. मुलांनी हात जोडले आणि आबांना घरी नेले. आम्ही व्यायामाचा कागद दिला, पंधरा दिवसांनी दाखवायला या असे सांगितले आणि खाते बंद केले.

त्यानंतर घाटमाथ्यावरचा पाऊस, लावणी, बेणणी यांत चार महिने गेले. दिवाळीच्या सुमारास त्यांचा धाकटा मुलगा औषधे न्यायला आला. डॉक्टरांनी सहज विचारले, “आबा कसे आहेत?” तो म्हणाला, “भिंतीकडं तोंड करून पडून असतात, साहेब. आम्हीच भरवतो, आम्हीच कूस बदलतो. त्यांना काही म्हणजे काही करू देत नाही.” डॉक्टरांनी विचारले, “हात हलत नाही का?” मुलगा अभिमानाने म्हणाला, “हलतो की! पण आम्ही हलवू देत नाही. उगीच त्रास कशाला?”

या उत्तरात जे प्रेम आहे त्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण त्याच प्रेमाने आबांचे चार महिने नेले होते. अर्धांगवायूनंतरची सुधारणा सर्वांत वेगाने होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत, हे आज जगभर मान्य आहे. मेंदूचा एक भाग निकामी झाला तरी उरलेला भाग पुन्हापुन्हा केलेल्या हालचालींतून नवे काम शिकतो. जो हात वापरला जात नाही, त्याला मेंदू विसरत जातो. हे आम्हाला ठाऊक होते, पण मुलांना कोणी समजावून सांगितले नव्हते. आमचा व्यायामाचा कागद इंग्रजीत होता.

त्याच आठवड्यात आमच्या फिजिओथेरपिस्ट ताई आबांच्या घरी गेल्या. घरात कापणी-झोडणीची गडबड होती. त्यांनी आबांना उठवून खुर्चीत बसवले, खुर्ची खळ्याच्या कडेला नेली आणि सांगितले, “आबा, पोती मोजायची आणि आकडा मोठ्याने म्हणायचा.” पहिल्या दिवशी आबांना आकडा नीट म्हणता आला नाही आणि ते रडले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मोजणीत मुलाची चूक काढली. पुढे थंडीत वालाच्या शेंगा आल्या, त्या सोलण्याचे काम उजव्या हाताला लावून दिले. दिवसाला एक वाटी, मग दोन. पुढच्या आषाढात ते काठी टेकत बांधापर्यंत गेले आणि इंद्रायणीची लावणी कशी चालली आहे हे तेथे उभे राहून पाहिले. ज्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली हे वाण दिले, तेथून पहिले बियाणे आणणाऱ्यांत आपण होतो, असे ते त्या दिवशी सर्वांना सांगत होते. ते बोलणे पुष्कळसे स्पष्ट होते.

आबा पूर्ण बरे झाले, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या उजव्या हातात आजही विळा धरवत नाही आणि बहुधा धरवणार नाही. पण त्यांचे तोंड आता भिंतीकडे नसते.

मित्रहो, आपला हा प्रदेश फार पूर्वीपासून आजाऱ्यांच्या ओळखीचा आहे. रेल्वे बोरघाट चढून आली १८६३ साली. तेव्हापासून मुंबईची माणसे हवापालटासाठी खंडाळा-लोणावळ्याला येऊ लागली. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनी बंगले बांधले, काही समाजांनी आपल्या लोकांसाठी आरोग्यभवने उभारली. क्षयावर औषध नव्हते त्या काळात मोकळी हवा, सकस अन्न आणि महिनोन्महिने विश्रांती, एवढाच काय तो उपचार होता. आमच्या लहानपणापर्यंत ‘हवापालट’ हा शब्द घरोघर ऐकू येई.

पुढे चित्र बदलले. क्षयरोगावर १९४० च्या दशकात औषधे निघाली. मद्रासमध्ये १९५६ साली क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले आणि तेथील अभ्यासाने १९५९ साली जगाला एक गोष्ट दाखवून दिली. गरीब वस्तीत, दाटीवाटीच्या घरात राहून नियमित गोळ्या घेणारा रुग्ण आणि आरोग्यधामात खाटेवर राहून त्याच गोळ्या घेणारा रुग्ण, दोघेही सारखेच बरे होत होते. भारतात झालेल्या या संशोधनाने जगभरातील क्षयाच्या उपचाराची दिशा बदलली. हृदयविकाराचेही तसेच. एके काळी झटका आलेल्या रुग्णाला कित्येक आठवडे बिछान्यातून हलू देत नसत. अमेरिकेत १९५२ साली लेव्हिन आणि लाऊन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याचा उपचार मांडला. आज गुंतागुंत नसेल तर रुग्णाला एक-दोन दिवसांतच बसवतात, चालवतात.

या दोन्ही गोष्टींचा अर्थ आमच्यासारख्या व्यवस्थापकाने नीट ओळखायला हवा. बरे होण्याचे मोठे काम आता रुग्णालयाच्या भिंतींबाहेर, घरात, ओसरीवर, शेताच्या बांधावर होते. रुग्णालयातला मुक्काम जितका आखूड झाला, तितकी घराची जबाबदारी वाढली. ती पेलण्यासाठी घराला जी तयारी लागते, ती करून देण्याची पद्धत मात्र आपण बसवली नाही.

लोणावळ्याचा उल्लेख केल्यावर कैवल्यधामाचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ही संस्था येथे स्थापन केली आणि योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत तपासण्याचे काम हाती घेतले. त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे त्यांचे नियतकालिक निघाले. श्रद्धेच्या विषयाला मोजमाप लावण्याचे धाडस शंभर वर्षांपूर्वी आपल्या या गावात झाले. आमच्या अनेक रुग्णांना आसने आणि श्वसनाचा सराव यांचा लाभ होतो. मात्र आपल्या डॉक्टरांना विचारून, आपल्या आजाराला झेपेल तेवढाच सराव करावा आणि औषधाची गोळी परस्पर बंद करू नये. रक्तदाबाची गोळी कोणाच्या तरी सल्ल्याने सोडून पुन्हा आमच्याच अतिदक्षता विभागात आलेले रुग्ण आम्ही पाहिले आहेत.

आता आमच्या चुकीची गोष्ट. ती सांगणे सोपे नाही, पण देणगीदारांसमोर केवळ यशाचा पाढा वाचणे हा खरा हिशेब नव्हे.

महामार्गालगतच्या एका हॉटेलात काम करणारा तरुण क्षयाने आजारी होऊन आमच्याकडे आला. निदान वेळेत झाले, शासकीय कार्यक्रमातील औषधे सुरू झाली. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले, चेहरा उजळला. त्याला वाटले, आपण बरे झालो. मालकाने कामावर परत बोलावले होते, कामाच्या वेळा पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंतच्या होत्या आणि आमच्याकडे यायचे तर एक दिवसाचा पगार बुडत होता. त्याने गोळ्या थांबवल्या. पुढच्या तपासणीची तारीख आमच्या वहीत होती. त्या तारखेला तो आला नाही, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. कारण वहीत जे येतात त्यांची नोंद होते. जे येत नाहीत त्यांची होत नाही.

आठ महिन्यांनी तो परत आला तेव्हा जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हते. अधिक लांब आणि अधिक त्रासाचे उपचार सुरू झाले, पण फुप्फुसे फार खराब झाली होती. तो वाचला नाही.

काही दिवसांनी त्याची आई उरलेल्या गोळ्यांची पाकिटे घेऊन आली. दुसऱ्या कोणाला तरी उपयोगी पडतील, असे ती म्हणाली. जाताना तिने विचारले, “साहेब, त्या टायमाला मला एक फोन केला असता तर? मी त्याला कान धरून आणला असता.” या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. एका फोनचा खर्च किती, हे आम्हाला पुरते ठाऊक होते.

त्या प्रश्नातून या वर्षीचे काम सुरू झाले. ते फार मोठे नाही. प्रत्येक गंभीर आजाराच्या रुग्णाला आता घरी सोडताना मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद दिला जातो. औषध कोणते, कशासाठी, किती दिवस. काय दिसले तर तातडीने यायचे. आणि रुग्णाने स्वतः काय करायचे, असे तीन भाग त्यात असतात. तो कागद घरच्या एका माणसाकडून वाचवून घेतल्याशिवाय आमच्या भगिनी रुग्णाला सोडत नाहीत. सातव्या दिवशी आणि तिसाव्या दिवशी रुग्णाच्या घरी फोन जातो. जो तपासणीला आला नाही त्याचे नाव त्याच संध्याकाळी वेगळ्या वहीत लिहिले जाते. ती वही दर सोमवारी आम्ही स्वतः पाहतो. नाणे मावळ आणि आंदर मावळातल्या आडबाजूच्या गावांसाठी, विशेषतः पावसाळ्यात, आशा सेविकांची मोलाची मदत होते. प्रवासाचे भाडे नाही म्हणून कोणी चुकू नये यासाठी एक छोटा निधी बाजूला काढला आहे. आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बरे झालेल्या व होत असलेल्या रुग्णांची बैठक भरते.

या शनिवारच्या बैठकीविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण डॉक्टरांच्या शब्दाने जे होत नाही ते तेथे होताना आम्ही पाहिले.

आमच्या एक भाजीविक्रेत्या मावशी आहेत. मळवलीहून पहाटेच्या लोकलने पाट्या घेऊन जाणाऱ्या. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पार पडली. तपासण्या चांगल्या आल्या, पण मावशी घराबाहेर पडेनात. केस गेले होते, हाताला सूज होती आणि लोकलमधल्या बायका विचारतील याची धास्ती होती. सुनेने जबरदस्तीने बैठकीला आणले. तेथे त्यांच्याच वयाच्या एका बाईंनी डोक्यावरचा पदर मागे सारला, नुकतेच उगवलेले आखूड केस दाखवले आणि म्हणाल्या, “हे बघा, सहा महिन्यांचं पीक.” सारे हसले. मावशीही हसल्या. पुढच्या महिन्यापासून त्या बाजारात बसू लागल्या. पाटी मात्र मुलगा उचलतो, कारण त्या हाताने ओझे उचलायचे नाही असे डॉक्टरांचे सांगणे आहे.

एका आजाऱ्याने दुसऱ्याला उठवावे, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना शाळा-कॉलेजच्या वयात कमरेखालचे शरीर लुळे पडल्याने चाकाच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. निराशेच्या त्या काळात त्यांना बाबूकाका दिवाण भेटले. ते स्वतः चाकाच्या खुर्चीत राहून उद्योग-व्यवसाय करीत होते. त्यांच्याकडे पाहून नसीमाताईंना आपल्याही आयुष्याची वाट दिसली. त्यांनी शिक्षण पुरे केले, केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारून असंख्य अपंग मुलामुलींना शिक्षण व रोजगार मिळवून दिला. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले, तेथेही व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नव्यांना हात देतात आणि उपचारानंतरच्या पाठपुराव्याला उपचाराइतकेच महत्त्व असते. डॉ. सुनंदाताईंना पुढे कर्करोगाने गाठले. त्या आजारातही त्यांनी मुक्तांगणाचे काम सोडले नाही. १९९७ साली त्या गेल्या, काम आजही चालू आहे.

‘उमेद’ हा शब्द आपण नेहमी वापरतो. आधी उमेद येते आणि मग माणूस उठतो, असा आपला समज असतो. म्हणून आपण रुग्णाला सांगतो, “मन घट्ट करा, हिंमत धरा.” आमचा अनुभव वेगळा आहे. बहुतेकांच्या बाबतीत काम आधी येते, अगदी क्षुल्लक काम, आणि उमेद त्याच्या मागून येते. आबांना पोती मोजायची उमेद नव्हती. ती मोजल्यावर आली.

आपल्या जवळच, पिंपरी-चिंचवडला राहणाऱ्या पद्मश्री मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण आता घरोघर पोहोचले आहे. सांगली जिल्ह्यातला हा जवान सैन्यात मुष्टियोद्धा होता. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखाली पक्षाघात झाला. पोहणे सुरू झाले ते शरीराला व्यायाम म्हणून, उपचाराचा भाग म्हणून. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. भारताचे पॅरालिंपिकमधले ते पहिले सुवर्ण. ख्यातनाम क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने त्यांच्या प्रवासाला मदतीचा हात दिला होता, ही गोष्ट देणगीदारांनी मनात ठेवण्यासारखी आहे. आम्हाला पदकाइतकीच १९६५ ते १९७२ ही मधली सात वर्षे महत्त्वाची वाटतात. त्या वर्षांतील पहिल्या आठवड्याचे छायाचित्र कोणी काढून ठेवलेले नसते. आपल्या प्रत्येक रुग्णाने पदक मिळवावे अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. उलट अशा थोर उदाहरणांनी एखादा थकलेला माणूस अधिकच खचतो, हेही आम्ही पाहिले आहे. त्याला सांगावे ते पहिल्या आठवड्याविषयी.

खचण्याबद्दल बोललो, म्हणून एक महत्त्वाची बाब. अर्धांगवायू झालेल्या साधारण तीन रुग्णांपैकी एकाला पुढे नैराश्याचा आजार होतो. हृदयविकार आणि कर्करोगानंतरही तो पुष्कळांत आढळतो. घरचे म्हणतात, “हल्ली चिडचिड करतात,” “मनावरच घेत नाहीत,” “आळशी झालेत.” दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, बोलणे, आवड हे सारे मंदावले असेल, तर तो स्वभावाचा दोष समजू नका. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. जगणे नकोसे झाल्याची भाषा रुग्णाच्या तोंडी आली, तर ती कधीही थट्टेवारी नेऊ नका, त्याच दिवशी त्याला आमच्याकडे आणा.

आता कुटुंबीयांना हात जोडून तीन विनंत्या.

पहिली, रुग्णाला जे करता येते ते त्यालाच करू द्या. वेळ लागेल, सांडेल, चुकेल. तरी करू द्या. दुसरी, त्याला घरातील निर्णयांतून वगळू नका. बैल विकायचा की ठेवायचा, मुलीला कोणत्या कॉलेजात घालायचे, हे विचारा. आजाराने त्याचे अंग गेले असेल, त्याची वडीलकी गेलेली नाही. आणि तिसरी विनंती त्या घरातल्या माउलीसाठी आहे. बहुतेक घरांत सेवा करणारी एक बाई असते. बायको, आई किंवा सून. तिला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या. सेवा करणारी आजारी पडली, तर दोन खाटा लागतात.

रुग्ण बंधु-भगिनींनो, तुम्हाला उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही. दुखणे तुम्ही सोसले आहे. तुमच्याच बैठकीतून जे ऐकले तेवढे परत सांगतो. कालच्या स्वतःशी आजची तुलना करा, आजाराआधीच्या स्वतःशी करू नका. उद्या सकाळी कोणते एक काम करायचे ते रात्रीच ठरवा, आणि ते इतके लहान ठेवा की वाईट दिवशीही होईल. केले की कॅलेंडरवर खूण करा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. आणि मदत मागायला लाजू नका. क्षयरुग्णांना पोषणासाठी ‘निक्षय पोषण’ योजनेतून पूर्वी दरमहा ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले आहेत. कायम अपंगत्व आले असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळते. मुंबईला उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करुग्णांना रेल्वे प्रवासात सवलत आहे. आमच्या समाजसेवा विभागात याचे अर्ज भरून दिले जातात.

शेवटी, देणगीदार आणि विश्वस्त महोदयांशी थोडे हिशेबाचे बोलतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खाली, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार, आमच्यासारख्या रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचाही मोठा आधार आहे. या दोन्हींमुळे गरिबाला उपचार मिळतो आणि त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण या तरतुदींचा रोख मुख्यतः रुग्णालयातील उपचारांवर आहे. आंदर मावळातून येण्याचे गाडीभाडे, घरी जाणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे मानधन, एक काठी, एक खुर्ची, भाजीच्या पाटीचे भांडवल, फोन करणाऱ्या भगिनीचा वेळ, यांना कोणत्याच योजनेत ठरलेली जागा नाही. त्या रकमा लहान आहेत. लहान असल्यामुळेच त्या राहून जातात.

खाटेवर, खोलीवर किंवा यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते. फोनवर पाटी लावता येत नाही. तरीही आमची विनंती आहे की आपल्या पुढील वर्षीच्या देणगीतील काही भाग या ‘घरी सोडल्यानंतरच्या दिवसां’साठी द्यावा. विश्वस्त मंडळाने यासाठी स्वतंत्र खाते उघडण्यास मान्यता दिली आहे. पुढील अहवालात घरी सोडलेल्या रुग्णांपैकी किती जणांशी आमचा संपर्क राहिला, किती जण तपासणीला आले आणि किती जण सुटले, हे तिन्ही आकडे आम्ही छापू. तिसरा आकडा आम्हाला आवडणारा नसेल. तरी छापू.

ती आई आजच्या मेळाव्याला येऊ शकली नाही. लावणीच्या मजुरीला गेली आहे. परवा तिला फोन केला होता. “या वर्षी सगळ्यांना फोन करता ना?” एवढेच तिने विचारले. आम्ही हो म्हटले. तो शब्द पाळण्यासाठी आपणा सर्वांचे साहाय्य हवे आहे.

जेवणाची व्यवस्था मागील मंडपात केली आहे. तेथे आबांच्या शेतातला नवा नव्हे, पण चांगला जुना इंद्रायणी तांदूळ शिजला आहे. तो घेतल्याशिवाय कोणीही जाऊ नये.